पायांवर चार महिने, डोक्यावर सात मिनिटं

चि. जावईबापू यांस,

सासऱ्याचे आशीर्वाद. (हवे तेवढे ठेवून घ्यावेत, उरलेले आमच्या लेकीकडे पोचते करावेत. तिला थेट पाठवले असते, पण सध्या ती माझ्या कुठल्याही बोलण्याला 'हं' एवढंच उत्तर देते.) तुमच्या मानेचं दुखणं आता कसं आहे? लिफ्ट तपासायला दिवसभर तिच्या खड्ड्यात उभं राहून वर बघायचं म्हणजे मान धरणारच. गरम पाण्याची पिशवी धरत जा, आणि ती गार झाली की उठून पुन्हा भरत जा. नुसती गार पिशवी मानेखाली घेऊन झोपू नका, मी तेच करतो. आमच्याकडे सगळं ठीक. तुमच्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो पण त्या कुरकुरत नाहीत, आणि माझे दोन्ही गुडघे ठणठणीत असून मी कुरकुरतो, असं त्यांचं म्हणणं आहे. माझी कंबर पट्ट्याच्या आधारानं आणि पट्टा माझ्या आधारानं दिवस काढतो आहे.

माझं पत्र बघून तुम्ही आधी पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं असेल. साहजिक आहे. आठ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. फोनवर मला 'काय, बरंय ना?' याच्या पुढे सरकता येत नाही; त्यानंतर मी फोन तुमच्या सासूबाईंच्या हातात देतो आणि काहीतरी काम असल्यासारखा गॅलरीत जातो. (गॅलरीत काहीही काम नसतं.) शिवाय तुमचा स्वभाव असा, की मी बोलायला लागलो तर तिसऱ्या वाक्याला तुम्ही 'जाऊ द्या हो' म्हणणार आणि ते जाणार. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. विषय ट्रायपॉडचा आहे. पत्र इथंच खाली ठेवावंसं वाटलं तर मी समजू शकतो. पण ठेवू नका.

माझ्या निवृत्तीच्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या मोजणी कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर त्या दिवशी साठ माणसं होती, त्यांतली पन्नास माझ्या हाताखालची. हाताखालच्या माणसांना एक खोड असते: वरच्यानं नुसता घसा खाकरला तरी ती हसतात. कार्यालयानं मला कॅमेरा दिला, त्याच्यावर हातभर लांबीची लेन्स दिली, आणि मग तुम्ही पुढे आलात. काळ्या पिशवीतून तुम्ही तो ट्रायपॉड काढलात, पाय उघडलेत आणि माझ्यासमोर उभा केलात. मी तो दोन बोटांनी उचलला. (खरोखर दोन बोटांनी. तीच तर त्याची खुबी होती, हे मला आता कळतं.) जो माणूस चौतीस वर्षं कोन मोजायचं यंत्र आणि त्याखालची सात किलोची लाकडी तिपाई खांद्यावर टाकून चढ चढला, त्याला वजन म्हणजेच भरवसा वाटतो. मी म्हणालो, "छान आहे. टॉवेल वाळत घालायला होईल." पन्नास जण हसले. राहिलेले दहा त्यांच्याकडे बघून हसले. तुम्हीही हसलात. मग खाली वाकून एकेक पाय सावकाश मिटवलात, तो परत पिशवीत घातलात आणि जाताना बरोबर घेऊन गेलात. हसली नाही ती फक्त आमची लेक. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि त्या खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीशिवाय काही नाही. मी तिथं चौतीस वर्षं बसलोय, मला माहीत आहे.

आता कॅमेरा आला म्हणजे ट्रायपॉड लागणार होता, आणि तुमचा तर मी हसण्यावारी नेला होता. लागणार कशाला, तेही सांगतो. नदीवरचा जुना पूल पाडायचा ठरला होता. तो माझा पहिला पूल. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, वय तेवीस, आणि त्याची मध्यरेषा आखायला मला त्या काठावर पाठवलं होतं. तीन महिने तंबूत राहून, दुर्बिणीला डोळा लावून मी या काठापासून त्या काठापर्यंत एक सरळ रेषा आखली आणि पुढे त्या रेषेवर पूल उभा राहिला. (मधला खांब खचला म्हणून पाडायची वेळ आली, हे खरं. पण खांब खाली गेला. डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही. रेषा माझी होती, पाया दुसऱ्यांचा.) त्याच्या जन्माला मी हजर होतो, तर जातानाही असावं, आणि त्याचा शेवटचा फोटो माझ्या हातचा असावा, एवढीच इच्छा होती. सुरुंग लावून पाडणार होते. काम मोजून चार-पाच सेकंदांचं. तयारीला मला चार महिने मिळाले होते.

मी रीतसर कामाला लागलो. आलेखाचा मोठा कागद जेवणाच्या टेबलावर अंथरला आणि त्यावर नऊ रकाने आखले. पूर्ण उघडल्यावर उंची, मिटल्यावर लांबी, वजन, पेलायचा भार, पायाचे तुकडे किती, ते आवळायचे पिळून की खटक्यानं, तळाला रबर की अणकुचीदार टोक, मधला दांडा वर केल्यावर थरथर किती, आणि नवव्या रकान्यात शेरा. तुमच्या सासूबाई चार महिने टेबलाच्या कोपऱ्यावर ताट ठेवून जेवल्या. एकदा त्यांच्याकडून आमटीचा थेंब 'पेलायचा भार' या रकान्यावर पडला तर मी तो रकाना पुन्हा आखला. अडचण अशी होती की हलका ट्रायपॉड घ्यावा तर साठ माणसांसमोर बोललेलं आडवं येत होतं, आणि जड घ्यावा तर कंबर आडवी येत होती. त्यामुळे शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे एकच शेरा पडत गेला: 'विचार करावा.'

कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या बाई कायम चष्मा कपाळावर चढवून बसतात आणि मग तो शोधतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव कपाळचष्मा ठेवलं होतं. त्यांच्याकडे माझ्या अकरा खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी ओळंबा घेऊन गेलो. (दोरीला टांगलेलं पितळी वजन. ते सरळ खाली लोंबतं आणि बाकीचं जग किती वाकडं उभं आहे ते सांगतं.) त्या दिवशी दुकानातले सहाही ट्रायपॉड वाकडे निघाले. नंतर लक्षात आलं की दुकानाची फरशीच उताराची आहे, आणि तसं मी बाईंना सांगितलं, तर त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही. पाचव्या खेपेला प्रत्येक ट्रायपॉडवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि बाईंना दुकानात इकडून तिकडे जोरात चालायला सांगितलं. चालल्या बिचाऱ्या. आठव्या खेपेला मात्र मी तुमच्या सासूबाईंच्या शिवणयंत्राचं वरचं लोखंडी डोकं सोडवून, टॉवेलात गुंडाळून, रिक्षानं घेऊन गेलो. बारा किलो भरतं. ते ट्रायपॉडवर बसवून मी घड्याळ लावून दहा मिनिटं उभा राहिलो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं आणि इथं शिलाई करून मिळते का असं विचारायला लागलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला ट्रायपॉड विकत घ्यायचाय की त्याच्याशी सोयरीक करायची आहे?"

मी अशा चौकशा करत हिंडत असताना तुमचा फोन आला. पूल पडायला आठ दिवस होते. तुम्ही म्हणालात, "शनिवारी संध्याकाळी मी येतो, रविवारी सकाळी गाडीनं तिघं जाऊ. माझा ट्रायपॉडही बरोबर घेतो, असू दे जोडीला." हे सगळं तुम्ही किती जपून म्हणाला होतात! 'जोडीला' म्हणालात. आणि मी काय म्हणालो, ते तुम्हाला आठवत असेल. मला तर ते इस्त्रीसारखं चटका देऊन आठवतं. मी म्हणालो, "तुम्ही तुमच्या लिफ्ट सांभाळा. हे मोजणीवाल्याचं काम आहे." तुम्ही म्हणालात, "बरं." त्या 'बरं'मध्ये थोडा राग असता तर मला हायसं वाटलं असतं. पण नव्हता. मागून आमच्या लेकीचा आवाज आला, "काय म्हणाले?" आणि फोन ठेवता ठेवता तुम्ही तिला सांगितलेलं मी ऐकलं: "काही नाही, त्यांची सगळी तयारी झालीय." जावईबापू, माझी काहीही तयारी झालेली नव्हती. अजून पायसुद्धा ठरले नव्हते.

पाय गुरुवारी ठरले. तीन तुकड्यांचे, जाड नळीचे, पिळून आवळायचे, साडेतीन किलोचे. उत्तम पाय. आजही त्या पायांबद्दल माझी तक्रार नाही. पण ट्रायपॉडला वरून डोकं वेगळं बसवावं लागतं, हे मी माझ्या नऊ रकान्यांत कुठं लिहिलंच नव्हतं. आमच्या यंत्राचं डोकं यंत्राबरोबरच यायचं. डोक्याचा निराळा विचार करायची खात्यात कुणाला सवयच नव्हती. (हे वाक्य मी सरळ अर्थानं लिहिलं होतं, पण असू दे.) शुक्रवारी संध्याकाळी धावत दुकानात गेलो तर बाई कुलूप शोधत होत्या. तीन दांड्यांचं डोकं मागितलं. एक दांडा वर-खाली करायला, एक डावी-उजवीकडे फिरवायला, एक कलवायला. संपलं होतं. बाईंनी बॉलहेड काढून दिलं. एका वाटीत लिंबाएवढा धातूचा गोळा, आणि त्या गोळ्यावर कॅमेरा! सैल सोडला की हवा तिकडे वळणार, हवा तसा झुकणार. चौतीस वर्षं मी यंत्राला एका वेळी एकाच दिशेला हलू दिलं होतं; हा प्रकार मला चारित्र्याच्या दृष्टीनं बरा वाटला नाही. पण परवावर पूल आला होता. बाईंनी समजावून सांगायला सुरुवात केली, "हे बघा काका, हा जो मोठा नॉब आहे ना—" मी म्हणालो, "बाई, तुमच्या जन्माच्या आधीपासून मी यंत्रं आवळतोय." त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि डबा माझ्या हातात दिला. दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सात मिनिटं झाली होती. पायांवर चार महिने, डोक्यावर सात मिनिटं. माझ्या एकंदर आयुष्याचा हिशेबही याहून फार वेगळा निघेल असं वाटत नाही.

रविवारी साडेसातलाच आम्ही दोघं बसनं तिथं पोचलो. पूल दहाला पडायचा होता. लोकांना उतारावर दोरीच्या खाली उभं केलं होतं. मी मात्र वरच्या टेकाडावर जागा धरली, कारण तीच ती तेविसाव्या वर्षाची जागा, फक्त तेव्हा तिथं बाभूळ नव्हती. पाय रोवले, ओळंबा सोडला, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. हे सगळं बघून लोकांना मी सरकारी माणूस वाटलो. एकानं येऊन विचारलं, पाणी कुठपर्यंत उडेल. मी सांगितलं. (अंदाजानं.) मग गळ्यात शिट्टी अडकवलेला पहारेकरी आला आणि दोरी ठीक आहे का असं अदबीनं विचारू लागला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी मला असं विचारत होतं. मी त्याला म्हणालो, "ठीक आहे. पण एक करा. भोंगा वाजल्यावर या दोरीच्या वर कुणालाही येऊ द्यायचं नाही. कुणीही असो." तो 'हो साहेब' म्हणाला. तुमच्या सासूबाई घडीच्या स्टुलावर थर्मास मांडीत घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला इथं कुणी नेमलंय का?"

पहिला भोंगा झाला. मी कॅमेरा पुलावर रोखला आणि बोटं पांढरी होईस्तोवर नॉब आवळला. दुसरा भोंगा. कॅमेऱ्याला जोडलेल्या केबलचं बटण दाबून अडकवून ठेवलं. आता कॅमेरा दर सेकंदाला एक फोटो आपला आपण काढणार होता. मला डोळ्यांनी बघायचं होतं. तिसरा भोंगा. जावईबापू, तो कोसळला नाही हो. तो बसला. आधी मधला खांब गुडघ्यात वाकला, मग त्या खांबावर टेकलेले दोन्हीकडचे गाळे एकमेकांकडे असे झुकले की जणू कानात काही सांगायचं राहिलं होतं, आणि मग पूल खाली गेला आणि पाणी वर आलं. आवाज मागून आला. माझ्या डोळ्यांत धूळ गेली. (धूळ टेकाडापर्यंत आलीच नव्हती, असं तुमच्या सासूबाई म्हणतात. त्यांना लांबचं नीट दिसत नाही.) त्याच वेळी शेजारी 'टक्' असं वाजलं. बघतो तर कॅमेऱ्यानं मान टाकलेली. लेन्स थेट ट्रायपॉडच्या पायाला जाऊन टेकली होती. व्याख्यान ऐकता ऐकता पेंग आलेल्या माणसासारखा तो हळूहळू, बिनबोभाट, खाली खाली झुकत गेला होता आणि मी पुलाकडे बघत होतो.

दुपारी घरी येऊन आम्ही फोटो बघायला बसलो. एकूण चाळीस. पहिले पाच चांगले आहेत, पूल मधोमध आहे, उभा आहे. पण उभा पूल कुणीही काढला असता. सहाव्यापासून तो फोटोत वर सरकायला लागतो. दहाव्यात त्याचे नुसते तळवे वरच्या कडेला लोंबतात. सोळाव्यात, म्हणजे ज्या क्षणी त्याची कंबर मोडली त्या क्षणी, माझ्याकडे पाण्याचा फोटो आहे. जरा शहारलेलं पाणी. चार महिने, नऊ रकाने, अकरा खेपा, आणि पाणी! मी कॉम्प्युटर बंद करायला निघालो होतो. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "असू द्या, बघू तर पुढे काय काय दिसतंय."

पुढे अलीकडचा काठ येतो, मग दोरीखालची गर्दी. ही लेन्स जे समोर येईल त्याच्याशी आपली आपण नजर जुळवून घेते, त्यामुळे गर्दी अगदी स्वच्छ आली आहे. पन्नास-साठ पाठी. कुणी कानांवर हात दाबलेले, कुणी टाचा उंचावलेल्या. सगळ्यांची तोंडं पुलाकडे. आणि त्या साऱ्या पाठींच्या मध्ये एक चेहरा आमच्याकडे वळलेला.

"अहो, थांबा," तुमच्या सासूबाई म्हणाल्या. "मागचा आणा. अहो, हे जावई ना आपले?"

एकोणिसाव्या फोटोत तुम्ही कपाळाला आठ्या घालून वर बघता आहात. खांद्याला ती काळी पिशवी. विसाव्यात उजवा हात वर. एकविसाव्यात दोन्ही हात वर, मागे येणाऱ्या ट्रकला खुणा कराव्यात तसे. बाविसाव्यात तोंड उघडं आहे, आणि ते 'वर! वर!' असंच म्हणतंय, याबद्दल आम्हा दोघांचं एकमत झालं. (आमचं एकमत झाल्याची ही या वर्षातली पहिलीच वेळ.) तेविसाव्यात तुम्ही चढ चढून दोरीपर्यंत पळत आला आहात, आणि तुमच्या छातीवर आडवा हात धरून उभा आहे तो शिट्टीवाला. कुणीही असो, असं मीच त्याला बजावलं होतं. चोविसाव्यात तुमचे दोन्ही हात डोक्यावर आहेत. पंचविसाव्यापासून गवत.

म्हणजे त्या काठावर जमलेल्या एवढ्या माणसांत पूल पडताना ज्यानं पाहिला नाही असे तुम्ही एकटेच. तीन तास गाडी हाकत आलात, ज्यानं येऊ नका म्हटलं त्याच्या नजरेला पडू नये म्हणून खाली गर्दीत उभे राहिलात, आणि ऐन वेळेला सगळ्यांच्या उलट तोंड करून माझ्या कॅमेऱ्याची मान बघत बसलात. काय धरतं आणि काय सुटतं हे बघायचं तुमचं कामच. लांबूनही तुम्हाला दिसलं. मला हातभरावरून दिसलं नाही. मग धूळ खाली बसली, लोक टाळ्या वाजवून पांगले, आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो, आणि तुम्ही न भेटता तसेच परत तीन तास गेलात. निदान एक कप चहा तरी उरला होता हो.

मग तुमच्या सासूबाईंनी ठेवणीतलं काढलं. तो टॉवेलचा ट्रायपॉड निवडायला तुम्हाला सात आठवडे लागले होते म्हणे. तीनदा फोन करून तुम्ही त्यांना माझी उंची विचारली होतीत. डोक्यापर्यंतची नाही, डोळ्यांपर्यंतची. मधला दांडा न उचलता कॅमेरा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यावा, मला वाकावं लागू नये, आणि उचलताना कमरेला झटका बसू नये, एवढ्यासाठी तुम्ही तो हलका आणि उंच शोधून काढला होतात. सासूबाईंनी मग मी पेपर वाचत उभा असताना मागून शिवणकामाची टेप लावून माझं माप घेतलं. स्वेटर विणायचाय असं मला सांगितलं होतं. (मी अजून त्या स्वेटरची वाट बघत होतो.) जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आणि घरात कुणी माझं इतकं बारकाईनं मोजमाप घेतलं याचा मला पत्ता नाही.

आता काय लिहू? फोटो हुकला याची हळहळ दोन दिवसांत ओसरली. पूल मी पाहिला, तो माझ्याकडे आहे. ती पन्नास माणसं का हसली होती ते मात्र डोक्यातून जात नाही. त्यांना टॉवेलचं हसू आलं नव्हतं. मी बोललो म्हणून ती हसली, आणि आज बोललो तर त्यांतलं कुणी हसणार नाही. त्यांच्यासाठी मी तुम्हाला हसण्यावारी नेलं. तुम्ही त्या दिवशी पाय मिटत होतात तेव्हा मी तुमच्या पाठीकडे बघत होतो आणि मला तेव्हाच कळलं होतं, हे इथं लिहून ठेवतो. नंतर कळलं असं म्हणून सुटता आलं असतं. नंतर नाही. तेव्हाच.

कळवायचं ते कळवलं. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. आहे का अजून, एवढंच विचारतो.

तुमचा,
सासरा

ता. क. — वर मी त्या गोळ्याच्या डोक्याला जे जे बोललो ते सगळं मागे घ्यावं लागत आहे. पत्र लिहून झाल्यावर काल ते डोकं घेऊन दुकानात भांडायला गेलो होतो. बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "कुठला नॉब आवळला होतात?" मी दाखवला. तो निघाला नुसता डावी-उजवीकडे फिरणं थांबवायचा. गोळा धरून ठेवायचा तो शेजारचा मोठा, ज्याच्याबद्दल त्या शुक्रवारी सांगत होत्या आणि मी ऐकून घेतलं नाही. त्याला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं; दुकानातून आला तसा तो अर्धवटच आवळलेला होता. त्या डोक्यात कसलाही दोष नाही. दोष असलेलं डोकं कुठलं, हे बाई बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आणखी ता. क. — तुमच्या सासूबाईंनी पत्र वाचलं. त्यांच्या मते एवढ्या पानांत एक साधा शब्द कुठंच नाही. मी म्हटलं, सगळं पत्र त्याच अर्थाचं आहे. त्या म्हणाल्या, अर्थाचं नको, शब्द लिहा. लिहितो: चुकलं माझं. (त्या शेजारी उभ्या आहेत म्हणून लिहिलं असं समजू नये. त्या आता स्वयंपाकघरात गेल्या आहेत आणि मी पुन्हा लिहितो: चुकलं.)

आणखी एक, आणि पत्र खरं म्हणजे यासाठीच. पुलाचे पलीकडचे दोन गाळे शिल्लक आहेत, ते पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. तुम्ही दोघं आदल्या दिवशी या. मी कॅमेरा घेतो, बाकी काही घेत नाही. या वेळी पुलाकडे तुम्ही बघायचं, कॅमेऱ्याकडे मी बघेन. आणि हे विचारायला मला फोन करू नका; मी सवयीनं काहीतरी भलतंच बोलून बसेन. विचारू नका, सरळ या.

आणि जाता जाता, जमलं तर. आठ वर्षं झाली, तुम्ही मला अजून 'सर' म्हणता. कार्यालयात आता दुसरे सर आले आहेत, ते बरे आहेत असं ऐकतो. तुम्हाला दुसरं काही सुचलं तर बघा. लेक म्हणते ते म्हणा, किंवा तुमच्या मनात येईल ते. काहीच नाही सुचलं तर नुसतं 'अहो' म्हणा, मी वळून बघेन.